गोपालची मूठ

माझ्या तोंडाला फाटक नाही, असं आमचे हे लग्न झाल्यापासून सांगत आलेत. सुरतेत नवागामच्या आमच्या गल्लीत विचारा, कोणीही तेच सांगेल. गॅसची टाकी आणणारा भय्या जिन्यातूनच ओरडतो, "बाई, टाकी पूरे वजन की है," म्हणजे मी काही बोलायच्या आत त्याची सुटका. पण एक गोष्ट होती ती सतरा वर्षं माझ्या तोंडातून निघाली नाही. माझ्या जावेला, सुमनला, मला ती सांगायची होती. आणि ती सांगून झाल्यावर तिनं माझ्या घरात बसून रोट खावेत एवढीच माझी इच्छा होती. बाकी वाढदिवस, केक, फुगे हे सगळं पोरांचं.

पोरांनी म्हणजे माझी सून धनश्री हिनं ठरवलं होतं. ती शाळेत शिकवते, तिला घरातही वेळापत्रक लागतं. यंदा आमच्या ह्यांची, छगनची, पंचाहत्तरी आणि माझ्या दिराची, हिलालभाऊंची, सत्तरी. दोघांचाही वाढदिवस एक जून. गावच्या मास्तरनं शाळेत नाव घालताना सगळ्या पोरांना एकच तारीख लावली, भावाभावांत पाच वर्षांचं अंतर राखलं हेच त्याचे उपकार. सासूबाई म्हणायच्या, छगन ज्वारी निसवायच्या दिवसांत झाला आणि हिलाल होळीच्या आधी. मग कशाला खरी तारीख शोधता? धनश्री म्हणाली, "आई, एक जूनला कोणालाच जमलं नाही ना, मग कानबाईच्या शनिवार-रविवारी करू. सगळे भाऊबंद तसेही येतात."

सगळे येतात हे तिनं सहज म्हटलं. सुमन येत नव्हती. हिलालभाऊ येऊन पाया पडून जायचे, चहासुद्धा अर्धाच घ्यायचे. सुमन कोसाडच्या तिच्या घरातून सतरा वर्षांत एकदाही माझा जिना चढली नव्हती.

कानबाई म्हणजे आमची खानदेशची माय. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी बसते, सोमवारी सकाळी तिला पाण्यात पोचवायचं. तिचे रोट असतात. रोट म्हणजे नुसत्या पोळ्या नव्हेत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, कालचं जन्मलेलं बाळ असलं तरी त्याच्याही नावानं काढायचे, तेवढेच दळायचे आणि भाऊबंदांनी एकत्र बसून तेवढंच खायचं. परक्याला घास नाही. आमच्या घरात मूठ मोठ्या सुनेनं धरायची आणि नाव मोठ्यानं घ्यायचं. मोठी सून मी.

सतरा वर्षांपूर्वी हिलालभाऊ आणि सुमन इथेच, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायचे. त्यांना योगिता आणि तिच्या पाठीवर गोपाल. गोपाल एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा आमच्या ह्यांनी शेठपुढं शब्द टाकून त्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लावला. हे तिथे मुकादम होते, तीस वर्षांत कोणी बोट दाखवलं नव्हतं. गोपालला लूमचा आवाज सोसत नव्हता. कान दुखतात म्हणायचा. आम्ही म्हणायचो, सगळ्यांचेच दुखतात, मग सवय होते. सहा महिन्यांनी एके दिवशी भर पाळीत तो चारही लूम चालू ठेवून निघून गेला. कापडाचं वाटोळं झालं. शेठनं सगळ्या कारागिरांसमोर ह्यांना जे ऐकवलं ते हे घरी येऊन भिंतीकडं तोंड करून सांगत होते. माझ्या नवऱ्याला मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

गोपाल घरी आलाच नाही. चिठ्ठी नाही, फोन नाही, असे चौदा महिने गेले. मग कानबाई आली. आदल्या शनिवारी दुपारी सगळ्या बायका माझ्या घरात जमल्या, सुमन माझ्या समोर परात धरून बसली होती. मी मुठी धरत गेले. छगन, हिलाल, माझी पोरं चेतन आणि नितीन, मग चुलतदीर मगन आणि त्याचे तिघे. आठ झाल्या. सुमन परात तशीच धरून होती. मी हात झटकला आणि म्हटलं, "झालं. उचला."

 सुमननं माझ्याकडं बघितलं, परात खाली ठेवली आणि उठून गेली. ज्याची मूठ धरत नाहीत तो एक तर परका असतो नाही तर मेलेला. हे आमच्यात लहान पोरालाही कळतं.

हिलालभाऊ संध्याकाळी विचारायला आले तेव्हा मी म्हणाले, "अहो, मोजताना चुकले मी. मला कुठे शाळा?" शाळा मला खरंच नाही. पण घरातल्या नऊ पुरुषांची नावं विसरायला काय शाळा लागते? मी मुद्दाम गाळलं होतं. माझ्या नवऱ्याला ज्यानं मान खाली घालायला लावली त्याची मूठ मी का धरू, असं माझ्या मनात होतं. वर पुन्हा मनाशी म्हटलं, आला की पुढच्या वर्षी धरू, जातो कुठे.

फाल्गुनात सोलापूरकडून फोन आला. गोपाल ट्रकवर क्लीनर होता, ट्रक उलटला, तो जागीच गेला. हिलालभाऊ आणि आमचे हे त्याला आणायला गेले. सुमन दारात बसून होती, मी जवळ गेले तर तिनं पदर सावरून घेतला, मला लागू नये म्हणून. त्या वर्षीच ते नवागाम सोडून तापीपलीकडं कोसाडला राहायला गेले. लोक विचारायचे तेव्हा मी तेच सांगायचे, मोजताना चुकले. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की आमच्या ह्यांचाही त्यावर विश्वास बसला.

यंदा सुमनला आणलं ते योगितानं. ती नवसारीला दिलीय, धनश्रीशी तिचं रोजचं बोलणं. दोघींनी मिळून काय जादू केली देव जाणे. शनिवारी सकाळी भाड्याची मिनीबस गल्लीच्या तोंडाशी लागली आणि मागच्या खिडकीत सुमन बसलेली दिसली. केस पार पिकले होते तिचे. माझ्याहून सात वर्षांनी लहान ती, आणि माझ्याहून म्हातारी दिसत होती.

धनश्रीच्या वेळापत्रकात पहिला नंबर सुरतच्या किल्ल्याचा. "इतकं जुनं शहर आहे आपलं, पन्नास वर्षं राहताय, काही बघितलंय का तुम्ही?" ती म्हणाली. खरंच नव्हतं बघितलं. चौकबाजारातून हजारदा गेले असेन, भाजी घेतली, बांगड्या भरल्या, किल्ला आपला बाजूला उभा. आमचं सुरत म्हणजे खातं, खोली, आणि सुट्टीच्या दिवशी डुमसचा समुद्र. आत गेलो तर तोफा, तलवारी, भांडी, सगळं काचेत ठेवलेलं. दोघे भाऊ सारख्या रंगाचे शर्ट घालून, टोप्या सरळ करत, प्रत्येक तोफेशी थांबत होते. हिलालभाऊंनी एका तोफेवर हात ठेवला तर रखवालदार गुजरातीत ओरडला. आमचे हे हात लावू द्या म्हणून त्याच्याच भाषेत विनवू लागले, "भाई, सत्तर वरसनो बर्थडे छे एनो, अडकवा दो ने." रखवालदार हसला, पण हात काही ठेवू दिला नाही.

मी सुमनच्या मागेमागे. वर तटाशी ती एकटी नदीकडं बघत उभी राहिली तेव्हा मी जवळ गेले. घरून पाठ करून आले होते. पण तोंडातून निघालं, "गुडघे कसे आहेत तुझे?"

"आहेत," ती म्हणाली.

"कोसाडला पाणी येतं ना नीट?"

"येतं."

"पायरीवर पदर सांभाळ. अडकेल."

"सांभाळते."

मला माझाच राग आला, आणि राग आला की मी समोरच्यावर काढते. म्हणाले, "सतरा वर्षांनी भेटलीस, एकाला दुसरा शब्द जोडलास तर काय जीभ झडेल?" सुमननं माझ्याकडं शांतपणे बघितलं आणि ती खाली उतरून गेली. नात पूजा मागून ओरडत होती, "बा, फोटोमां आवो ने." फोटोत मी एका टोकाला आहे आणि सुमन दुसऱ्या.

दुपारी पर्वत पाटिया भागात एक हॉल घेतला होता. दोन केक, एकावर पंचाहत्तर, एकावर सत्तर. दोघा भावांना खुर्चीत बसवून पाच सवाष्णींनी ओवाळलं, मग पोरांनी ते इंग्रजी गाणं म्हटलं. हिलालभाऊंना बोलायला सांगितलं तर ते माईक या हातातून त्या हातात घेत राहिले. मग म्हणाले, "दादानं मला सुरतेत आणलं. दादाच्या खोलीत मी चार वर्षं जेवलो. वहिनीनं कधी ताट आपटलं नाही." लोक हसले, कारण मी ताट आपटते हे सगळ्यांना माहीत. पण त्यांचं ताट मी खरंच कधी आपटलं नव्हतं. 

मग धनश्रीनं पडद्यावर जुने फोटो दाखवले. गाव, लग्नं, आमची पहिली खोली. मध्येच गोपाल आला. सोळा-सतरा वर्षांचा, आमच्याच घरात मांडी घालून बसलेला, हातात रोट, गाल फुगलेला, आणि कोणीतरी चिडवलं म्हणून तोंड भरलेलं असताना हसतोय. चिडवणारी मीच असणार, मी त्याला खादाड म्हणायचे. तो मला मोठी माय म्हणायचा. माझी स्वतःची पोरं मला भीत होती, हा एकटा मला उलट चिडवायचा.

 सुमन उठून निघून जाईल असं मला वाटलं. ती उठली, पडद्याजवळ गेली आणि धनश्रीला हळूच म्हणाली, "हा फोटो मला मिळेल का? आमच्याकडं हा नाही."

बस, तिथे माझं ठरलं. किल्ल्यावर बोलता आलं नाही तर नाही. मला बोलता येत नसेल तर करून दाखवता येतं. आज दुपारी मुठी धरताना मी गोपालचं नाव घेणार, सगळ्यांसमोर, जसं सगळ्यांसमोर गाळलं तसं. बैल गेला नि झोपा केला असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. दुसरं काय होतं माझ्या हातात?

चार वाजता सगळे घरी आले. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका आत. मी निवडलेल्या गव्हाचा डबा पुढं ओढला. समोर परात कोण धरणार म्हणून बघते तर योगितानं सुमनला कोपरखळी मारली, आणि सुमन येऊन बसली. सतरा वर्षांनी त्याच जागेवर. मूठ भरली तरी दाणे बोटांतून सांडत होते. "छगन," मी म्हटलं. "हिलाल. चेतन. नितीन." मग मगनच्या घरचे, मग नातवंडं, नितीनचा चार महिन्यांचा बाळ्याही. सगळे झाले. मी पुन्हा डब्यात हात घातला, मूठ भरली, आणि मोठ्यानं म्हटलं, "गोपाल."

दाणे परातीत पडले. 

मगनची बायको इंदुबाई पहिली बोलली. "अगं बाई, हे काय केलंत? गेलेल्याची मूठ धरतात का कधी? आता ही सगळी परातच बाद." बाहेरून आमचे हे आले, दारात उभं राहून म्हणाले, "सरला, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" त्यांच्या मागे हिलालभाऊ होते. ते परातीकडं बघत होते. मला वाटलं होतं सुमन रडेल, माझ्या गळ्यात पडेल. तिनं परात खाली ठेवली, अगदी तशीच ठेवली जशी त्या वर्षी ठेवली होती, आणि उठून मागच्या गॅलरीत गेली.

मी मागोमाग गेले. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, त्यांच्यामध्ये ती कठडा धरून उभी. मी दार लोटून घेतलं. आता गुडघे आणि पाणी विचारायची सोय नव्हती.

"सुमन," मी म्हटलं, "त्या वर्षी मी मोजताना चुकले नव्हते. मी मुद्दाम गाळलं त्याला. ह्यांचा अपमान झाला म्हणून माझ्या डोक्यात राग होता. सगळ्यांना खोटं सांगत आले. मार मला, तुला मारायचं तर. पण खरं ते हे आहे."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"तुमचा हात थांबला होता, बाई. डब्यात मूठ भरून झाली होती तुमची, तुम्ही ती परत सोडली. मी समोरच बसले होते ना." ती कपड्यांकडं बघत बोलत होती. "ते जाऊ द्या. तुम्ही बोललात, आता माझंही ऐका. कोणाला सांगितलं नाही मी हे."

मी कठड्याला टेकले. 

"त्याच दिवशी दिवेलागणीला मारवाड्याच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. ह्यांना मी सांगितलं योगिताचा होता. योगिताचा नव्हता, गोपालचा होता. नंदुरबारहून. म्हणाला, आई, मी नंदुरबारला उतरलोय. उद्या रोटाला येतो. मोठे बाबा मारतील का गं? मी म्हटलं, मारतील तर खा मार, पण ये."

मी तोंडावर हात ठेवला. चौदा महिन्यांनी पोरगा चार तासांच्या अंतरावर आला होता आणि हे आम्हा कोणाला ठाऊकच नव्हतं.

"तेवढ्यावर फोन ठेवला असता तर," सुमन म्हणाली. "पण माझा जीव जळत होता ना. परात ठेवून नुकतीच घरी आले होते. मी म्हटलं, येतोस तर ये, पण तुझ्या मोठ्या मायनं तुझी मूठ धरली नाही आज. तो हसला. हसलाच हो. म्हणाला, अगं, मोजताना चुकली असेल मोठी माय. तिला कुठे आठाच्या पुढं येतं?"

ती थांबली. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होईना. मला तिला सांगावंसं वाटलं, पुरे, पुढं नको सांगू. 

"मी हो म्हणायला पाहिजे होतं. हो, चुकली असेल, तू ये. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, नाही रे, चुकली नाही. तिनं सगळ्यांसमोर मुद्दाम गाळलं तुला, तू तिच्या लेखी मेलास. मला वाटलं, कळू दे याला, मोठी माय मोठी माय करतो ती कशी आहे. तुमच्यावरचा राग मी त्याला दिला, बाई.  तो म्हणाला, बरं. एवढंच. आणि फोन ठेवला."

"मग?"

"मग काय. सकाळी उधन्याला स्टेशनवर जाऊन बसले. मंदिरात जाते सांगून गेले होते. भुसावळकडून आलेल्या तीन गाड्या बघितल्या. तिसरी रिकामी झाली तेव्हा घरी आले."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं धरू दिला, पण तिचा हात माझ्या हातात नुसता पडून होता. मी म्हणाले, "सुमन, मूठ गाळली ती मी. तू सांगितलंस ते माझ्यामुळेच ना. दोष माझा आहे, तुझा काय?"

"असंच म्हणत होते मीही," ती म्हणाली. "सतरा वर्षं. तुमच्यावर राग धरला की मला झोप लागायची. तुमच्याकडं आले असते, तुम्ही दोन गोड शब्द बोलला असतात, तर राग गेला असता, मग मी कोणाकडं बघत बसले असते? म्हणून नाही आले. तुम्ही तरी एकदा कोसाडला यायचं होतं. मी दार उघडलं नसतं, पण तुम्ही यायचं होतं."

मी गेले नव्हते. दोनदा रिक्षात बसून कोसाडच्या अलीकडं, अमरोलीपर्यंत गेले आणि परत आले. मला वाटायचं ती चारचौघांत मला बोलेल आणि मी उलट बोलेन. ते तिला सांगून आता काय उपयोग होता? मी सांगितलं नाही. मी रडले. मला कोणासमोर रडता येत नाही, नवऱ्यासमोरही नाही, पण तिथे त्या ओल्या कपड्यांमध्ये मी म्हातारी बाई हुंदके देऊन रडले. सुमन रडली नाही. तिचं रडून झालं असावं.

डोळे पुसत ती म्हणाली, तिचे नव्हे, माझे, स्वतःच्या पदरानं, "एक करा. ह्यांना हे कळू देऊ नका. ह्यांना वाटतं पोराला घराची आठवणच नव्हती. तसंच वाटू दे. नंदुरबारपर्यंत आला होता आणि माझ्या तोंडामुळे परत गेला, हे ह्या वयात त्यांना सोसणार नाही. आणि मलाही त्यांच्या समोर बसवणार नाही."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"तुम्ही मुद्दाम गाळलं हेही सांगू नका. एक निघालं की दुसरं निघतं."

आत आलो तेव्हा परात तशीच होती. मी तिच्यातले सगळे गहू एका पिशवीत ओतले, उद्या पारव्यांना टाकायला. मग डबा धनश्रीपुढं सरकवला. "तू धर मुठी. नावं तुला पाठ आहेत."

"मी? आई, मोठ्या सुनेचा मान..."

"मोठी सूनच आहेस तू. धर."

तिनं धरल्या, एकेक नाव नीट घेत, हजेरी घेतल्यासारखं. गोपालचं नाव आलं नाही, येणारही नव्हतं. घरघंटीवर दळण झालं आणि सगळे आपापल्या घरी गेले.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नारळ, नथ, हिरवा खण, दोन्ही बाजूंनी केळीचे खांब. आरती झाली, ताटं वाढली. रोट, पुरणाची पोळी, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी, खीर. मी दाराकडं बघत होते. सुमन हिलालभाऊंच्या मागून आली, हात धुतले आणि कोणी न सांगता माझ्या समोरच्या पाटावर बसली. इंदुबाईनं डोळ्यांनीच मला विचारलं, हे कसं काय? मी तिच्या ताटात आमटी वाढली.

सगळे बसले. हिलालभाऊंनी पहिला घास घेतला नाही. ते म्हणाले, "थांबा जरा. काल हॉलमध्ये मला सगळं बोलता आलं नाही. सत्तर झाली, आता मनात काही ठेवू नये." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, काल तुम्ही माझ्या पोराचं नाव घेतलंत. रीत नसेल, पण मला बरं वाटलं. त्या वर्षी लोक नाही नाही ते बोलले. मी कधी मानलं नाही. तुम्ही त्याला पोटच्या पोरासारखा वाढवलाय, तुम्ही त्याचं नाव मुद्दाम कसं गाळाल? मोजताना चुकलात, माणूस चुकतं. आमच्या हिलाच तेवढं पटत नव्हतं. आज सगळ्यांसमोर सांगा तिला, म्हणजे तिच्याही मनातलं जाईल. चुकला होतात ना?"

पंगत थांबली. आमचे हे माझ्याकडं बघत होते, चेतन, धनश्री, योगिता, सगळे. कानबाईसमोर बसले होते मी. सतरा वर्षं ज्या खोट्यातून सुटायचं म्हणून मी तडफडत होते तेच हिलालभाऊ माझ्या हातात परत देत होते, आणि किती मायेनं. समोर सुमन ताटाकडं बघत होती. रोटाचा तुकडा तिनं मोडून हातात धरला होता, तोंडात घातला नव्हता.

"हो भाऊ," मी म्हटलं. "मोजताना चुकले. मला कुठे आठाच्या पुढं येतं?"

सगळे हसले. सुमननं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि घास तोंडात घातला.